टोमॅटोच्या साक्षीनं

आंब्याला पेटी मिळते, मऊ गवताची गादी मिळते, नारळाला तर थेट ओटीत जागा असते. टोमॅटोला मात्र आपल्या घरात कुणी कधी मान दिल्याचं आठवत नाही. भाव चढला की तो वर्तमानपत्रात येतो आणि भाव पडला की रस्त्यावर. अशा या बिनवशिल्याच्या फळाला गुरुपद मिळालं ते इटलीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका विद्यार्थ्याचं पुस्तकात लक्ष लागेना. परीक्षा समोर, मन भलतीकडे. शेवटी वैतागून त्यानं स्वतःशीच पैज मारली, की दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं अभ्यास करून दाखव, पण खराखुरा. पैजेला साक्षीदार हवा म्हणून त्यानं स्वयंपाकघरातला चावीचा टायमर उचलून टेबलावर ठेवला. तो टोमॅटोच्या आकाराचा होता, एवढंच. पैज पहिल्या फटक्यात जिंकता आली नाही, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. अभ्यास कसा करावा हे सांगणारी माणसं सहसा पहाटे चारला उठून गार पाण्यानं अंघोळ करणारी असतात. दहा मिनिटांच्या पैजेत हरलेला माणूस त्यांच्यात विरळा.

पुढे त्या दहा मिनिटांची पंचवीस झाली आणि पद्धत जगभर गेली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. असे चार फेरे झाले की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी सुट्टी. नियम तसे साधे आहेत, पण एका बाबतीत हा टोमॅटो फार सोवळा. त्याचे तुकडे करता येत नाहीत. मध्येच उठलात तर झालेली मिनिटं बाद, पुन्हा शून्यापासून सुरुवात. अर्धा टोमॅटो कोशिंबिरीला चालतो, इथे नाही. मध्येच मनात काही आलं तर उठायचं नाही, कागदावर वरच्या बाजूला एक बारीकसा फराटा ओढायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. व्यत्यय बाहेरून आला, कुणी हाक मारली, दार वाजलं, तर आडवी रेघ. संध्याकाळी फराटे आणि रेघा मोजायच्या. आपल्या चंचलपणाचं असं रोजकीर्दीला जमाखर्च मांडावा तसं टिपण ठेवायचं हे ऐकूनच मला हा इटालियन आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीचा लांबचा नातलग वाटायला लागला.

माझ्या घरात हा टोमॅटो भाचीनं आणला. ती पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. त्या भागातून संध्याकाळी चालत गेलं की प्रत्येक तिसऱ्या इमारतीवर ‘अभ्यासिका’ अशी पाटी दिसते. आत प्लायवूडच्या फळ्या लावून केलेले खण, प्रत्येक खणात एक दिवा, एक बाटली, भिंतीला चिकटवलेला नकाशा, आणि नकाशाकडे पाठ करून बसल्यासारखं वाटावं इतकं वाकलेलं एक डोकं. आवाज कसलाच नाही. टायमरही खिशातल्या खिशात थरथरतात. मग मधूनच जिन्यावर चपला वाजतात आणि दोघं-तिघं टपरीवर येतात. चहाचा ग्लास अंगठ्याएवढा असतो, तेव्हा पाच मिनिटं चहाला पुरतात. त्याच्याबरोबर सुरू झालेल्या राज्यपालांच्या अधिकारांना पुरत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली ही मुलं राज्यघटनेतली कलमं अशी बोलतात, की मला आमच्या आळीतल्या बायका एकमेकींना सुनांबद्दल सांगायच्या त्याची आठवण होते. तीच जवळीक, तीच तक्रार.

मला कुठलीही परीक्षा द्यायची नाही. मी मोडी शिकते आहे, आणि तेही घरातल्या कपाटात एक रुमाल निघाला म्हणून. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले आजोबांचे कागद. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. छोट्या स्टेशनवरच्या बाकावर बसावं आणि समोरून जलद गाडी न थांबता निघून जावी, तशी सुरुवातीला ती ओळ माझ्यासमोरून जायची. कुठे डबा सुरू होतो, कुठे संपतो, आत कोण बसलंय, काही कळायचं नाही. असं हे न थांबणारं लेखन मी दर पंचवीस मिनिटांनी थांबत शिकते, याची गंमत माझी मलाच वाटते. पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनाच्या कानाशी असा टोमॅटो खणखणला असता, तर एखादा खलिता अर्ध्यावर राहून मोहीम पाच मिनिटं उशिरा निघाली असती.

चावी पिळून टोमॅटो टेबलावर ठेवला की तो टिकटिक करू लागतो आणि माझं मन, जे एरवी दुपारी सुस्तावलेलं असतं, एकदम लख्ख जागं होतं. फक्त मोडीसाठी नव्हे. गॅस बंद केला का? कबुतराला मान न हलवता चालता येत असेल का? एकोणीस सत्ते किती? त्या जुन्या सिनेमात तिरकं हसणारी नटी कोण? कोल्हापूरच्या लग्नात आपण आहेर दिला, की पाकीट पर्समध्येच राहिलं? हे प्रश्न सकाळपासून कुठे होते कोण जाणे. टिकटिक सुरू होण्याचीच वाट पाहत दाराशी उभे असावेत. मी इमानानं एकेक फराटा ओढते. संध्याकाळी कागद पाहिला तर मोडीच्या चार वेड्यावाकड्या ओळी आणि त्यांच्या डोक्यावर फराट्यांचा पाऊस. त्या फराट्यांखाली काय होतं हे मला नंतरही आठवतं. चार ओळींखाली काय होतं ते मात्र पुन्हा वहीत बघावं लागतं.

पंचवीस मिनिटंच का, वीस किंवा तीस का नाहीत, याचा विचार करताना (हाही एक फराटा) मला घटका आठवली. अहोरात्रीचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे घटका, चोवीस मिनिटांची. घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. चिरिलोनं खटपट करून शोधलेल्या मापात आणि आपल्या पंचांगातल्या मापात अंतर अवघ्या एका मिनिटाचं. ‘बघा, सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणायला कुणी उठत असेल तर त्यानं बसून घ्यावं. आपल्याकडे घटका होती. तेवढा वेळ मुकाट्यानं बसून अभ्यास करायची सवय होतीच असं नाही. ही घटका मोजायचं साधन मात्र देखणं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. थेंबाथेंबानं पाणी आत येतं आणि घटका भरली की वाटी बुडते. लग्नघरात गुरुजी या घटिकापात्रावर डोळा ठेवून बसत. टोमॅटो वेळ संपली की बोंब मारतो, वाटी नुसती दिसेनाशी होते. वेळ संपण्याची रीत म्हणून मला वाटीची जास्त खानदानी वाटते, पण दुपारच्या डुलकीत तिचा उपयोग नाही, हेही खरं.

घटिकापात्राची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट एका व्यत्ययाचीच आहे. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नासाठी दुर्मीळ मुहूर्त काढला आणि पात्र मांडलं. नवरी मुलगी लीलावती कुतूहलानं वाकून पाहायला गेली, अंगावरचा एक मोती निसटून आत पडला, भोक बुजलं. वाटी बुडेचना. सगळे वाट पाहत राहिले आणि मुहूर्त टळून गेला. मग खचलेल्या लेकीची समजूत काढायला बापानं तिच्या नावाचा गणिताचा ग्रंथ लिहिला. ‘लीलावती’ ११५० सालची, आणि ही कथा तिच्या फारसी भाषांतरात फैजीनं सांगितली ती १५८७ साली, तेव्हा तिच्यात खरं किती हे इतिहासकारांनी पाहावं. मला त्यातला बाप आवडतो. मुलीच्या दुःखावर औषध म्हणून तिला गणितं घालणारा बाप, आणि त्यानं ते दुःख खरंच हलकं होईल असं मानणारा भाबडा काळ. चिरिलोच्या नियमानं ती घटका बाद धरून नवी वाटी सोडायला हवी होती. भास्कराचार्यांनी मोत्याची दखल घेतली. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तसा शिलालेख आहे. त्या मठातल्या पोरांनी अभ्यास करताना किती फराटे ओढले असतील, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या घटकेत कबुतर आलं असेल का, हे मात्र शिलालेखात नाही. तेव्हापासून माझ्या फराट्यांकडे मी जरा बऱ्या नजरेनं पाहते. एखाद्याखाली मोती असायचा.

आडव्या रेघांचं प्रकरण याहून नाजूक. बाहेरून व्यत्यय आला तर काय करावं, याचीही पद्धत सांगितलेली आहे. आलेल्या माणसाला आपण कामात असल्याचं कळवावं, पुढची वेळ ठरवून घ्यावी आणि ठरल्या वेळी आपणहून गाठावं. एवढं बोलणं ऑफिसात ठीक आहे. दारात विरजणाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईशी ते कसं करायचं? शेजारच्या काकू आल्या तेव्हा टोमॅटोची जेमतेम चार मिनिटं झाली होती. मी पुस्तकी पद्धतीनं, पण शक्य तितक्या मायेनं म्हटलं, “काकू, माझी अजून एकवीस मिनिटं आहेत, मग देते चालेल?” त्यांनी टिकटिक ऐकली, स्वयंपाकघराकडे पाहिलं, नाकानं अंदाज घेतला आणि विचारलं, “काय शिजतंय?” मी वही दाखवली. त्या मुळीच हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, हातातल्या पिशवीतली मेथीची जुडी काढली आणि म्हणाल्या, “कर तू. मी बसते.” काकू नगरकडच्या, जैन. रोज सामायिकाला बसतात, अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे सरळ दोन घटका. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि समोरची वाळू खाली उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यामुळे माझ्या पंचवीस मिनिटांचं त्यांना कौतुक असं वाटलं नाही; लहान मुलाच्या अर्ध्या दिवसाच्या उपासाकडे पाहावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पण त्या एकवीस मिनिटांत मी एकही फराटा ओढला नाही. मेथीची पानं खुडल्याचा बारीक आवाज येत होता आणि समोरची ओळ पहिल्यांदा जरा वेग कमी करून माझ्यापुढून गेली.

मग लक्षात आलं, की असं कुणीतरी जवळ बसल्याशिवाय मी कधी अभ्यास केलेलाच नाही. लहानपणी आमच्या घरात अभ्यास ही ऐकू येण्याची गोष्ट होती. इतिहास मोठ्यानं वाचायचा, पाढे मोठ्यानं म्हणायचे, कवितेला चाल लावायची. ओसरीवर आजोबा सुपारी कातरत बसलेले असायचे, डोळे मिटलेले, आपल्याला वाटावं झोपले. शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले की मी जरा थांबून खिडकीबाहेर बघावं, तर मिटल्या डोळ्यांनीच आवाज यायचा, “राजे कुठे अडकले?” आतून आई ओरडायची, “आवाज येत नाही!” शांतता पसरली की पोरं वाया गेली, असं साधं गणित होतं. आता अभ्यासिकेत नेमकी शांतताच विकत घ्यावी लागते, दरमहा भाडं भरून. आमच्या वेळेचं माप घड्याळात नव्हतं. “तीन शिट्ट्या होईस्तोवर भूगोल कर, मग पानं घ्यायला ये,” असं सांगितलं जायचं. कुकरची तिसरी शिट्टी कधी लवकर यायची, कधी तिला वाफच धरायची नाही, आणि त्यावर माझ्या आयुष्यातलं मोसमी वाऱ्यांचं ज्ञान अवलंबून राहिलं. वाऱ्यांची दिशा मला अजून पक्की सांगता येत नाही. वाफेच्या दाबाबद्दल मात्र शंका नाही. पूर्वी म्हणे शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करत, डुलकी लागली की हिसका बसावा म्हणून. मला वाटतं, ज्यांच्या घरी जवळ बसायला कुणाला सवड नव्हती, त्यांना खुंटी लागत असेल.

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिनं मोबाइल पुढे केला. त्यात कुठल्या तरी दूरदेशची एक मुलगी टेबलाशी बसून अभ्यास करत होती. बोलत नव्हती, मान वर करत नव्हती. कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते, खिडकीबाहेर पाऊस. तासन्‌तास इतकंच. लाखो लोक म्हणे हे लावून समोर आपापली पुस्तकं उघडून बसतात. “मावशी, ही माझ्याबरोबर असते,” भाची म्हणाली. मी विचारलं, “तिला माहीत आहे?” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसून स्क्रीन बंद केली. तिच्याकडे आणखी एक प्रकार आहे. टायमर लावला की स्क्रीनवर एक झाड उगवतं आणि मध्येच मोबाइलला हात लावला तर ते मरतं. तिचं आता बऱ्यापैकी जंगल झालंय. त्यातली काही झाडं वाळलेली आहेत, आणि ती कुठल्या दिवशी वाळली, कुणाचा फोन आला होता, कुठला निकाल लागला होता, हे तिला बोट ठेवून सांगता येतं.

परीक्षेची तारीख एकदा पुढे गेली तेव्हा ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. रात्री गच्चीत बसलो होतो. मी सहज म्हटलं, की एवढे तुकडे कशाला करायचे वेळेचे, आमचं दुपारभर चालायचं ते काय वाईट होतं. ती जरा वेळानं म्हणाली, “मावशी, अजून किती वर्षं असं कुणी विचारलं ना, की पोटात गोळा येतो. बाबा विचारत नाहीत, पण फोनवर जास्त वेळ गप्प बसतात. पंचवीस मिनिटं म्हटलं की बसता येतं. एवढ्यात काही कुणी नापास होत नाही.” मी काही बोलले नाही. सदाशिव पेठेतल्या त्या सगळ्या खणांमधून, दिव्याखाली, एवढीशी वर्षं एवढ्याशा मापानं मोजून खर्च करणारी ती सगळी पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि पहिल्या दिवशी मी त्यांच्या चपलांच्या आवाजाला हसले होते, ते हसू परत घ्यावंसं वाटलं नाही, पण त्याचा सूर थोडा खाली आला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसली आणि मी तिच्या शेजारी मोडी घेऊन. काकूही मेथीऐवजी गवार घेऊन आल्या. तिघींमध्ये एकच टोमॅटो.

त्या आठवड्यात आजोबांच्या रुमालातला एक कागद मला पहिल्यांदा सलग लागला. गुप्तधन नाही, वंशावळ नाही, कुणा सरदाराचं पत्रही नाही. कुणाकडून तरी दोन मण जोंधळे उसने घेतल्याची ती नोंद होती. सुगी झाली की परत करू, असं कबूल केलेलं. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली, शब्द तोडत, जोडत, मध्येच मागे जात. भाचीनं पेन खाली ठेवून ऐकलं. काकू नगरकडच्या, जोंधळ्याचं नाव ऐकताच त्यांची गवार थांबली.

“मग फेडले का?”

“पुढचा कागद अजून लागला नाही, काकू.”

“लाव मग अजून एक,” त्या म्हणाल्या, आणि मी हात पुढे करायच्या आत त्यांनीच टोमॅटोला पीळ दिला.